उधारीची खूण

ऑगस्ट लागला की आम्ही खाली सरकतो,
जाळ्यांच्या कोठीत, डांबराच्या वासात,
आणि वरची खोली पाहुण्यांना देतो.
पांढऱ्या चादरी, खिडकीत समुद्र.
समुद्राचे वीस युरो वेगळे,
ते मी बोलून दाखवत नाही, दरात धरते.

यंदाची पाहुणी फेम्के, हॉलंडची,
पोर्तोहून मेट्रोनं आली, विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर.
पहिल्याच सकाळी विचारते, होड्या कुठे गेल्या?
म्हटलं, बाई, होड्या सहालाच परतल्या,
मासळीचा लिलावही उठला,
उठायची होतीस ती तू.

धक्क्यावर आता माणसं चौदा,
त्यातली पाच इंडोनेशियाची.
फिर्मिनो त्यांना आपल्या शिव्या शिकवतो
आणि स्वतःचा पाव अर्धा मोडून देतो.

तिला सगळंच आवडतं:
वाळूवर वाळत टाकलेलं शेवाळ,
गल्ल्यांची अरुंदी,
जी आम्हांला शवपेटी वळवताना
दर वेळी नडते.

संग्रहालयात काचेखाली तिनं पाहिली
माझ्या आजोबांची खूण.
एक उभी रेघ, दोन फाटे, खाली अर्धा गोल.
फोटो घेऊन आली. म्हणाली, किती देखणी!
मनगटावर गोंदवून घेईन म्हणते.
अर्थ काय हिचा? समुद्रानं राखावं, असं काही?

अर्थ असा, फेम्के,
की आजोबांना अक्षर येत नव्हतं.
दुकानदार काझिमिरोला अक्षर यायचं, भरवसा यायचा नाही,
म्हणून खतावणीत नावाच्या जागी खूण
आणि खुणेपुढे गोळे नि काड्या:
मक्याचे पाव सात,
दोराचं भेंडोळं एक,
मेणबत्त्या चार.
मेणबत्त्या त्या आठवड्यातल्या,
‘बोनान्सा’ परत आली नाही त्या.
ती उधारी आईनं फेडली, डोक्यावर तारलीच्या टोपल्या वाहून,
मी अकरा वर्षांची होईपर्यंत.

तीच खूण वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचांवर,
लग्नाच्या दिवशी चर्चच्या मेजावर सुरीनं कोरलेली,
आणि एका थडग्यावर,
ज्याच्या खाली कुणी नाही.

आमच्यात रीत आहे, कोरी खूण धाकट्याची.
थोरल्यांनी आपापली रेघ वाढवून घ्यायची.
आमचा धाकटा झेफेरिनो
लक्झेंबर्गात बस चालवतो,
जिथे पाणी म्हणजे काचेवरचा पाऊस.
खूण अजून त्याचीच आहे.
तो मागत नाही,
आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही.

फेम्केनं मनगट पुढे केलं. निळ्या शिरा,
वर बॉलपेननं काढलेली आमच्या घराची उधारी.
मी चष्मा लावला, तिचंच पेन घेतलं
आणि डाव्या फाट्याला एक तिरकी रेघ जोडली.
ही कशाची? तिनं विचारलं.
थोरलीची, म्हटलं. माझी.
एवढी गोंदव. पुसली तरी चालेल.

आणि ती वरची खिडकी लावून घे,
उत्तरेचा वारा सुटलाय.
चादरींत वाळू जाते,
धुवाव्या मला लागतात.