त्या रात्रीचं इतिवृत्त

विंडहोकच्या दफ्तरखान्यात मी कागद लावतो.
पगारी काम. आज हाती लागलं
ब्राझाव्हिलच्या बैठकीचं इतिवृत्त,
सन अठ्ठ्याऐंशी, टंकलेखन फिकट,
कडेला कपाचा गोल डाग.

"रात्री अकरा चाळीस. बोलणी अडली."

अडली.
तुयाकुला आत्याही हेच कुजबुजली होती
त्याच साली, उत्तरेकडे आमच्या घरी,
लाकडी कुंपणाला कान लावून:
लाल गाय अडलीय.

सूर्य मावळला की बाहेर पाऊल नाही.
कंदील नाही, बॅटरी नाही.
हलता उजेड दिसला की कॅस्पिर वळायची,
माणसाच्या छातीएवढी चाकं,
आणि सकाळी आमच्या महांगुत, म्हणजे बाजरीतच,
दोन सरळ रस्ते सापडायचे
कुठेच न जाणारे.

इतिवृत्त म्हणतं:
आमच्या जमिनीवरचं सैन्य जाईल
शेजाऱ्याच्या जमिनीवरचं गेलं तर.
आधी कुणाचं, यावर तीन दिवस.
एका बड्या देशाचा साहेब मध्यस्थ,
दुसऱ्याचा, शेजारच्या खोलीत, निरीक्षक.
त्याच्यासाठी बर्फ वेगळा मागवल्याची नोंद आहे.
आमच्यापैकी कोणी नव्हतं.
खुर्चीची नोंद नाही.

"ताबडतोब" खोडून "टप्प्याटप्प्याने".
"माघार" खोडून "पुनर्तैनाती".
मग पुन्हा "माघार",
दुसऱ्या शाईत.

आत्या अंधारातच निघाली,
अनवाणी, कंबरेत वाकून,
कोपरापर्यंत हात आत घालून
वासराचे पाय चाचपले तिने.
एकच लागला.
मी आठ वर्षांचा. गाईचं तोंड
दोन्ही हातांनी दाबून धरलेलं,
हंबरली तर?
तो गरम श्वास अजून तळहातात आहे.
एवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मध्यरात्र. उकाड्यामुळे बैठक तहकूब."

वासरू गेलं. गाय राहिली.

डिसेंबरात रेडिओवर सह्यांची बातमी आली.
शेजारीण ओरडत आली. आत्या कांडत होती,
मुसळ थांबवलं नाही.
"म्हणजे रात्री कंदील लावता येईल?"
शेजारणीला ठाऊक नव्हतं.
रेडिओनेही सांगितलं नव्हतं.

तरी लावला तिने. गोठ्यात,
गाय गाभण नसताना,
नुसता टांगून ठेवला.
काका म्हणाले, रॉकेल महाग झालंय.
म्हणाली, असू दे.
दूर रस्त्यावर गाडीचा आवाज थांबला.
आम्ही सगळे थांबलो.
मग तो पुढे गेला.

कागदाला क्रमांक देतो, दोरा ओवतो.
नोंदवहीत रकाना आहे: विषय.
लिहितो: सीमा, सैन्य, सह्या, कंदील.
मग कंदील खोडतो, वरिष्ठ विचारतील म्हणून.
पेन्सिलच ती.
वाचता येतं अजून.