चौदा दिवस

सिद्राय बिराजदार जुना चुना खरवडत होता,
मी दारात, हातात टॅब,
कुटुंब क्रमांक दोनशे सत्तेचाळीस.
माणसं किती, बीपीची गोळी कुणाला चालू,
संडास आहे का, असला तर वापरता का,
असं विचारत होते.
पापुद्रे गळाले आणि आतून आकडे वर आले.

थांब, मी म्हटलं.

चौकटीच्या उजव्या अंगाला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर
गेरूनं आखलेला चौकोन. त्यात तारखा, एकीखाली एक.
प्रत्येकीपुढं अर्धी सही: एक ऐ, आणि त्याला शेपूट.
४-७-६९
१८-७-६९
१-८-६९
१५-८-६९.
झेंड्याच्या दिवशीसुद्धा आला होता गडी.

"हिवतापवाला," सिद्राय म्हणाला,
"आज्जा सांगायचा. सायकल वड्यातच ठेवायचा,
पुढं काट्यांतनं पायी.
आमच्याकडं चळीज्वर म्हणत्यात. बोटाला सुई टोचायचा,
म्हणून पोरं त्याला बघून कडब्याच्या गंजीमागं."

मी हिशोब घातला.
एक थेंब काचपट्टीवर, पट्टी कागदात,
कागद पिशवीत, पिशवी जतला.
निकाल यायला वीस-वीस दिवस.
तोवर ताप उतरलेला असायचा,
नाहीतर माणूस.
तरी तो यायचा. चौदाव्या दिवशी, शुक्रवारी,
विचारायचा: घरात कुणाला थंडी वाजून आली का?
नाही म्हटलं तरी तारीख लिहायचा.
नाही हेसुद्धा कुणीतरी येऊन ऐकायचं असतं,
हे मला नोकरीच्या नवव्या वर्षी कळतंय.

मिरजेला प्रशिक्षणात त्यांनी पडद्यावर दाखवलं होतं:
वर दिल्ली, मग मुंबई, मग जिल्हा, तालुका,
चौकोनांतून खाली येणारे बाण.
आमचं उपकेंद्र शेवटच्या चौकोनात,
त्याच्या खाली फक्त पान क्रमांक.
जेवणाला पुरी-भाजी होती.
कुणी विचारलं नाही, बाण संपतो तिथून
होनमाने वस्ती किती लांब.

२९-८. १२-९. २६-९.
आणि मग एकदम २४-१०.

मी पुन्हा मोजलं. अठ्ठावीस.
दहा ऑक्टोबरला कुणी आलं नाही.
चोविसाव्याला आलं ते अक्षर वेगळं,
ताठ, नवीन, सही अख्खी: र. बा. गुजले.
सात नोव्हेंबरलाही गुजलेच.
एकवीसला पुन्हा ऐ,
शेपूट मात्र थरथरत खालच्या रेघेत गेलेलं.

केंद्रातली त्या सालची रजिस्टरं वाळवीनं खाल्ली.
विचारायचं कुणाला?
तापच आला असेल त्याला. किंवा लेकीचं लग्न,
किंवा पगार तीन महिने अडकलेला आणि सायकल पंक्चर.
पण ताप असेल तर
त्याच्या बोटाला सुई कुणी टोचली?
स्वतःच, डाव्या हाताला उजव्या हातानं,
आणि नाव लिहिलं, वय, गाव,
आणि आपलीच पट्टी पिशवीत टाकून
घरी वीस दिवस निकालाची वाट बघितली?

मागच्या पावसाळ्यात मीही चार दिवस पडून होते.
यादीत तेव्हा माझ्या गावापुढं शून्य भरलं गेलं.
शून्य, म्हणजे ताप नाही.

"मॅडम, पुसू का?" सिद्राय थापी धरून उभा.
"दुपारनं गवंडी येतोय. सिमेंट भिजवायचंय."

मी फोटो काढला. टॅब म्हणाला, नेटवर्क नाही,
माहिती नंतर पाठवली जाईल.
नंतर म्हणजे टेकडीवर, बसच्या फाट्यापाशी.
खिशातलं पेन गेरूवर उमटेना,
त्यानं चुलीतला कोळसा दिला.
शेवटच्या ओळीखाली जागा होती, थोडी.
आजची तारीख लिहिली.
सही अर्धीच झाली, हात अवघडला होता.

"पुस," म्हटलं. "पण ऐक,
भिंतीला पाणी मारायला ते बॅरल भरशील ना,
त्याला झाकण घाल. फडकं बांध, घट्ट.
आठ दिवसांवर पाणी ठेवायचं नाही."

तो हो म्हणाला, सगळे म्हणतात तसं.
मी चौदा दिवसांनी येऊन बघणार आहे.