टिंब

पुएर्तो विल्यम्स, पहाटे चार.
एलियाना बार्रिया तोच प्रोग्रॅम पुन्हा हातानं चालवते.
भरती पाच वाजून बारा, एक मीटर ऐंशी.
फाइल जिथे हवी तिथे, मुकाट.

पण रात्री दोनला, ती झोपेत असताना,
तो आपला आपण चालतो
आणि धक्क्यावरच्या फलकावर काहीच उमटत नाही.
नऊ दिवस झाले.
सहाला फेरीच्या कप्तानाचा फोन येतो.
शिव्या देत नाही. नुसता श्वास घेतो.

डिस्क रिकामी आहे. परवानग्या आहेत.
चुकांच्या नोंदवहीत एक ओळ नाही.
गणित झालेलं, लिहूनही झालेलं.
मग समुद्र गेला कुठे?

कॉफीवर साय धरते तेव्हा तिला दिसतं
पत्त्याच्या सुरुवातीचं टिंब.
आपल्याकडे टिंब अक्षराच्या डोक्यावर बसून नाकात बोलतं.
तिथे ते जमिनीला टेकलेलं असतं,
आणि त्याचा अर्थ एवढाच: इथे.

इथे म्हणजे,
म्हणणारा उभा असेल तिथे.
ती म्हणते तेव्हा तिच्या टेबलाशी.
रात्री दोनला म्हणतो नोल्बेर्तो ओयार्सुन,
जो मार्चमध्येच निवृत्त झाला
आणि ज्याच्या नावानं अजून घड्याळ प्रोग्रॅमला उठवतं.
यंत्रात प्रत्येकाला एक घर असतं.
फलकाचं तोंड तिच्याकडे वळवलं तेव्हा
हे घर कुणाच्या लक्षात राहिलं नाही.
तिथे नऊ भरत्या, नऊ ओहोट्या
तारखेवार रचलेल्या,
दार न वाजवता आलेल्या.

"तुमच्याकडे येतायत अजून," ती फोनवर सांगते.
"माझ्याकडे?" मागे किटली शिट्टी घालते.
"कालची वाच बघू."
ती वाचते.
पलीकडे बराच वेळ कुणी नाही, मग खिडकीची कडी.
"बारा सेंटिमीटर कमी सांगतंय.
चौथ्या खांबाचा तिसरा खिळा काल बुडला होता."
"केव्हापासून असं?"
"काय माहीत. फलक कोरा झाला
म्हणून मी खिळे बघायला लागलो.
एरवी खिडकीतून कोण बघतं, पोरी."

ती टिंब खोडते.
मुळापासूनचा पूर्ण पत्ता लिहिते,
कुणीही, कुठूनही म्हटलं तरी एकच.
फलक उजळतो. एक मीटर ऐंशी.
कप्तानाचा फोन येत नाही.

मग ती कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिते: बारा?
आणि प्रश्नचिन्हाच्या आकड्याखाली
पेन क्षणभर टेकवते.