नमुन्याचं पुस्तक

मारिसेलने दंडावरचा पट्टा सोडला,
आकडा टिपला आणि भुवई वर केली.
गोळ्या डॉक्टर देतील, म्हणाली मोडक्या हिंदीत,
तू रात्री हातांना काम दे.
मी म्हटलं, दिवसभर तेच तर करतो.
ती म्हणाली, ते दुसऱ्यांच्या मापाचं.

मनामाच्या बाजारात एकोणतीस वर्षं कटर आहे मी.
खांदा, छाती, बाही, घेर...
गिऱ्हाईक दारातून आत येईतो
कापड किती लागेल ते मला कळतं.
मनातलं लिहिणं मात्र जमत नाही.
पत्रातसुद्धा ‘इकडे सर्व खुशाल’च्या पुढे
पेन चालायचं नाही.

म्हणून दुकानातलं नमुन्याचं जुनं पुस्तक मागून घेतलं.
सुटिंगची कंपनी बुडालेली, पुस्तक माळ्यावर.
पानापानावर नागमोडी कातरलेला तुकडा:
राखाडी, जरा फिकट राखाडी,
आणि मालक ज्याला निळा म्हणून विकायचा
तोही राखाडीच.
तुकडे काढले नाहीत. शेजारी जागा होती.

खोलीत मैद्याची खळ शिजवली.
शफीकुलला वाटलं खीर, ताटली घेऊन आला.
मग तोच बसला खाली, बोटाने खळ पसरत,
हे काय, हे कुणाचं, विचारत.

हे फोनचं कार्ड. खरवडून आकडे काढायचे,
नखात चंदेरी भुकटी अडकायची,
शुक्रवारी भात कालवताना दिसायची.
हा खोक्याचा पुठ्ठा: माझं नाव, तालुका गुहागर,
‘गु’चा उकार सुतळीखाली पुसलेला.
आणि हे पान आई गेली तेव्हाचं.
विमान मिळालं नव्हतं.
इथे नुसता राखाडी राहू दिला.

आणि हा पाय.
रेघी कागदावर, भोवती बॉलपेन फिरवलेलं,
करंगळीपाशी घसरलेलं.
हेमांगी, सहा वर्षं. बूट आणा, लाल, दिवेवाले.
आणले होते. सुट्टीवर पोचलो,
तर टाच बाहेरच राहिली.
तेव्हापासून स्वतःला सांगत आलो,
मी येईपर्यंत पोर वाढून गेली.
घातलेल्या कुठल्याच बुटाने
मला इतकं चावलं नाही.

पानाचा फोटो तिला पाठवला.
लगेच तिचा फोन, हसू आवरेना.
बाबा, हा माझा पाय नाहीच!
मी करवंदीच्या जाळीत लपले होते,
आई वैतागली, शेजारच्या दिगूला धरलं,
त्याचाच काढला. म्हणे, पोरांचे पाय सगळे सारखे.
मग बुटांचं काय झालं?
दिगूने घातले की. फाटेपर्यंत.
तिन्हीसांजेला टाचा लुकलुकायच्या त्याच्या
आणि आम्ही सगळी मागे.

फोन ठेवला. कागद अजून ओला होता,
सोलला तर निघाला असता.
काढू? शफीकुलने विचारलं.
मी नको म्हटलं.
आतल्या कपाटात लाल अस्तराची चिंधी होती,
तिचे दोन टिकले कातरून टाचेशी लावले.

पुढचं पान कोरं.
त्यावर मी माझाच पाय ठेवला.
बोटं मावली, टाच लादीवर.
शफीकुल कापडाचा खडू घेऊन वाकला,
चवड्याला वळसा घालून
करंगळीपाशी आला
आणि मला गुदगुल्या झाल्या.