रजिस्टर

सोमवारी बाजार. म्हणून सोमवारी
मी धागा जास्तीचा काढून ठेवतो.
चारनंतर येतात,
डोक्याला दुपट्टा गच्च आवळलेले.

आज दुर्योधन नेवारे. यंदा तिसऱ्यांदा.
तळहात आडवा चिरलेला;
चहाचा ग्लास हातातच होता, तसाच मारला.
"काय म्हनला तो?"
हे कुठे लिहायचं नसतं, तरी मी विचारतो.
"म्हने, तुह्या बैलाले तुह्याहून जास्त अक्कल हाय."
"मंग?"
"मंग काय, ड्रेसरभाऊ.
त्याचं बोलनं सरलं नोतं
अन् माहा हात पोचला होता.
मी मांगून आलो."

बहुतेकांच्या आत शब्द आणि हात यांच्यामध्ये
एक धुरा असतो.
बोरीचं झुडूप, मुंग्यांचं वारूळ,
शिवी तिथवर येते, दम खाते,
कधी तिथेच वाळून जाते.
याचं वावर सलग.
इकडे ठिणगी, तिकडे पऱ्हाटी पेटलेली.
पण माझ्या सायकलची चेन अडकली होती त्या दिवशी
मी हाक मारायच्या आत
हाच हात ग्रीसने काळा होऊन बसला होता.

माझा धुरा रुंद आहे.
सतरा वर्षांपूर्वी, मेहुण्याच्या लग्नात, भर पंगतीत
साडू म्हणाला, "ड्रेसर म्हंजे पू पुसनारा."
मी हसलो. वरण वाढा म्हणालो.
किती शांत माणूस, लोक म्हणाले,
अजून म्हणतात.
गेल्या महिन्यात तोच साडू दारात उभा,
पोरीच्या दाखल्यावर सही हवी, आजची शेवटची तारीख.
साहेब रजेवर आहेत, मी सांगितलं.
साहेब आत चहा पीत होते,
बशीचा आवाजही आला.
तो उन्हातून परत गेला.
मला घाम नाही, थरथर नाही,
त्या रात्री झोपही नेहमीसारखी.

"त्याच्या डोयाले काही झालं नाही ना?"
दुर्योधन विचारतो, सहाव्या टाक्याला, ओठ दाबून.
तो बाहेर बाकावर आहे, मी सांगतो.
भुवईवर तीन टाके. डोळा शाबूत.
याचे डोळे भरतात. सुईने नाही.

खिडकीतून दिसतं:
एकाच्या हाताला पट्टी, म्हणून तंबाखू
दुसरा मळतो.
मग एकाच गाडीवर दोघं, बाजाराच्या उलट्या दिशेने.

मी रजिस्टर ओढतो.
कारणाच्या रकान्यात लिहितो,
दोघांच्याही पुढे,
पडून लागले.