झाकणाचे डबे

लष्करीबागेतल्या विहाराच्या हॉलमध्ये
तिसऱ्या दिवशी कपडे खिडकीपर्यंत पोचले.
एकाच पायाचा बूट, जरीची शेरवानी,
कॉन्व्हेंटचे टाय, हुक तुटलेल्या ब्लाउजांचं गाठोडं,
आणि कुणास ठाऊक का, क्रिकेटचं एक पॅड.
पंकज रजिस्टरात सगळं लिहून घ्यायचा.
शेरवानीसमोर त्यानं प्रश्नचिन्ह काढलं.

मग फोन आला,
पुलापलीकडच्या शाळेतून, तुटत तुटत:
"कपडे बस झाले, भाऊ. वाळवाले जागा नाही.
डबे पाठवा. झाकणाचे.
तांदूळ येते अन् रातच्यातून ओला होते.
मीठ ओलं, माचीस ओली..."
पुढचं पावसात गेलं.

आम्ही हातगाडी काढली.
रुखसार मोमिनपुऱ्याकडे वळली,
पंकज पाचपावलीच्या गल्ल्यांत,
मी कमाल चौकातून कोष्टीपुऱ्याकडे.
भोंगा भंगारवाल्याचा, उसना,
त्यात त्याचाच आवाज भरलेला:
लोहा, पत्रा, रद्दी, जुना कूलर.
बाया बाहेर येऊन गंजका कूलर दाखवायच्या.
"नाही मावशी, डबा. झाकण बसणारा. पुरासाठी."

मावशी आत जायच्या.
आतून भांड्यांचा आवाज यायचा, बराच वेळ,
मग परातीत डाळ ओतल्याचा.
रिकामा डबा कुणाच्याच घरी नव्हता.

नंदनवारकाकूंनी झाकण लावून
डबा उलटा धरला, हलवला, माझ्या डोक्यावर:
"पाय, निघते का? बावीस वर्षं झाली."

रात्री एकशे चौदा डबे.
ट्यूबलाइटखाली पुसायला बसलो तेव्हा दिसली
काठाशी टिंबाटिंबांनी कोरलेली नावं.
सौ. वच्छला.
कु. इंदुमती, म्हणजे लग्नाआधीची.
सुधाकर शेंडे, ७-५-८९.
एकावर उर्दू, रुखसारनं वाचून दाखवलं, हाजी अब्दुल रऊफ.
एकावर नुसतंच "मामाकडून";
कुणाच्या मामाकडून, ते घासून घासून गेलेलं.

पंकज म्हणाला, पॉलिश पेपर आणतो.
"देल्लं तं देल्लं. नाव कायले पाह्यजे?"
रुखसार म्हणाली, इतका पातळ पत्रा, भोक पाडशील.
त्यावर वाद झाला, वादात चहा झाला,
साडेअकराला ट्रक आला
आणि वाद नावांसकट वर चढला.

त्यात एक माझ्याही घरचा होता.
पाच किलोचा, आईचा.
ती गेल्यापासून मी त्यात विजेची बिलं ठेवायचो.
बिलं फ्रिजवर ठेवली, डबा दिला.
पुसताना त्याचं नाव वाचलं नाही.
वाचायचं काय त्यात.

आठवड्यानं मीच फोन लावला.
पलीकडे शेवंता मडावी, स्वयंपाक तिच्याकडे,
मागे दीडशे माणसांचा गलका,
आणि ती फोन बाजूला धरून ओरडत होती:
"मीठ सुधाकरात पाय!
अवो नाही, वच्छलाबाईत तिखट हाये.
माचीस? माचीस मामात!"

मी विचारलं, हे काय चाललंय?
"सारे डबे सारखेच दिसते जी.
नावानं सोपं जाते.
एक हाये, त्याचं कोणालेच वाचता येत नाही,
त्याले आमी नक्षीवाला म्हणतो. त्यात साखर."

मी जरा थांबलो. बाहेर कुणाचा तरी कूलर
पावसाळ्यातही घरघरत होता.
मग विचारलं,
भागरता नावाची एक आहे का तिथं?
झाकणाला पोचा पडलेली?

"हाये ना जी. तिच्यात तांदूळ.
मोठ्या पुराच्या रातीही एक दाणा भिजला नाही.
पण झाकण लय घट्ट बाई तिचं,
सकाळी दोघी लागतो उघडाले."

हो, म्हटलं,
तिचं पहिल्यापासूनच तसं.