दहावा सूचक

व्यवसाय, या रकान्याशी पेन अडलं.
तेजलनं कन्नडातला प्रश्न वाचला, मराठीत सांगितला,
मग नुसतीच माझ्याकडं बघत बसली.
"फौंड्री लिही की."
"फौंड्रीत काय, आई?"

फौंड्रीत मी पोकळी करते.
उद्यमबागेत, दुसऱ्या पाळीला, तीन ते अकरा,
वाळूत राळ कालवून गाभा ठोकते, भाजते.
तो साच्याच्या पोटात बसतो, भोवती रस ओततात,
लोखंड थिजलं की हातोडीनं फोडून काढायचा.
उरते ती जागा. पंपातलं पाणी तिथूनच जातं.
सतरा वर्षं झाली.
आमच्या अनगोळच्या नळाला आठव्या दिवशी पाणी,
तेही रात्री दोनला.

एवढं रकान्यात मावेना.
तेजलनं कन्नडात दोन अक्षरं लिहिली: कूलि.
अर्थ विचारला नाही. तेवढं येतं मला.

जंगम मालमत्ता: कानातलं, हप्ते राहिलेली स्कूटी.
अनामत भिशीतून उचलली.
नंबर माझा नव्हता, हसीना मुल्लानं तिचा दिला,
परत कधी देणार ते विचारलं नाही;
अनामत जाणारच, असं तिनं धरलं असावं.
सुपरवायझर म्हणाला, "निवडून आलीस तर
महिनाभर आधी नोटीस दे."

"सीमेचं काय ते आधी बोल," म्हणाले गल्लीतले जाणते.
बोलते की. मोर्चात लाठी बसलेला बापाचा गुडघा
रोज रात्री तेलानं मीच चोळते.
पण भूषणला ताप चढला तेव्हा
सिव्हिलमध्ये तासभर चुकीच्या रांगेत उभी होते,
पाटीवर सगळी गोल गोल अक्षरं, बुंदी सांडल्यागत.
शेजारच्या मल्लव्वाला सांगितलं तर ती म्हणाली,
"नवऱ्याला कोल्हापूरला नेलेलं, तवा मी बी तशीच उभी.
तुमची अक्षरं तर दोरीवर वाळत घातल्यागत."
हसलो दोघी.
तिचा नवरा तिथूनच परत आला नव्हता,
हे मला हसून झाल्यावर आठवलं.

पहिलं काम तेच लिहून ठेवलंय:
दवाखान्यात पाट्या दोन्ही लिप्यांत,
आणि ज्याला एकही येत नाही
त्याच्यासाठी खुर्ची टाकून बसलेला एक माणूस.
दुसरं, पाळी सुटल्यावर अकराची बस. हे सांगितलं की टाळ्या पडतात.
तिसऱ्याला माझा घसा धरतो:
रात्री अकरापर्यंत उघडं राहील असं पाळणाघर.
तेजल आठ वर्षांची असताना
भाताचं पातेलं उतरवताना भाजली.
मनगटावरचा तो डाग
आता अर्जाच्या कागदावरून पुढं पुढं सरकतोय.

सूचक दहा लागतात. नऊ जमले:
कोअर शॉपमधल्या सहाजणी, गेटवरचा वॉचमन,
हसीना, आणि तिचा कधीच कुणाला मत न दिलेला दीर.
दहावा आदल्या रात्री फिरला;
दार उघडलं, पण कडी हातातनं सोडली नाही.
मी परत आले. भांडी घासली.
मल्लव्वा पलीकडून म्हणाली, "माझं नाव आहे की यादीत."
"तुला सही येत नाही."
"अंगठा आहे की."

अंगठा साहेबासमोरच उठवावा लागतो, असा नियम.
तिनं धुण्याची दोन घरं बुडवली,
लग्नातलं इरकल नेसून आली.
साहेबानं चष्म्यावरून बघत कन्नडात विचारलं,
हिला ओळखता?
मल्लव्वा बोलायला लागली ती थांबेचना.
माझं नाव दोनदा आलं, नीरू म्हणजे पाणी, ते कळलं,
बाकीचं माझ्या डोक्यावरून गेलं.
साहेबानं पेन खाली ठेवलं. तेजल भिंतीकडं तोंड करून उभी.

बाहेर आलो तेव्हा पावणेतीन.
मल्लव्वा निळा अंगठा वर धरून चालत होती,
कुठं टेकवावा ते न कळल्यागत.
स्कूटीला किक मारता मारता विचारलं,
"काय म्हणाली गं ती?"
तेजल म्हणाली, "तू जा आधी, हजेरी लागंल.
अकरानंतर सांगते."